सहा कॅसेटी की त्रेचाळीस हजार फ्लॉप्या?

लग्नानंतर पंधरा दिवसांनी व्हिडिओवाला पेनड्राइव्ह देऊन गेला. ६४ जीबीचा, काठोकाठ भरलेला. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेऱ्यांना जे जे दिसलं ते ते त्यात ओतलेलं. नुसत्या पंगतीचेच दोन तास असावेत. नानांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "दोन कॅसेटमा बठ्ठं लगीन बसी जाये." अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं. हे त्यांच्या थोरल्याच्या लग्नाबद्दल, १९९३ सालच्या. त्या दोन व्हीएचएस कॅसेटी अजून कपाटात आहेत, साड्यांच्या घडीखाली.

भाचीला मात्र माझी फिरकी घ्यायची होती. नव्वदीत मी अमळनेरला कॉम्प्युटर क्लास चालवायचो, हा घरात कायमचा चेष्टेचा विषय. "मामा, हेच सगळं तुमच्या फ्लॉपीत भरायचं तर किती फ्लॉप्या लागल्या असत्या?"

म्हटलं, कागद आण. फ्लॉप्यांचा हिशेब आला ४३,४०३. मग नानांचं मन राखायला त्यांच्या मापानं मोजलं, तर आल्या सहा कॅसेटी. पेनड्राइव्ह तोच, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर. भाचीला वाटलं, मामा गणितात चुकला. चुकला नव्हता. पण ते तिला पटवायला अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून ते इथं नीट लिहून ठेवतो.

आधी फ्लॉपी. क्लासमधली एक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. साडेतीन इंची, काळं प्लास्टिक, वर पत्र्याची सरकती खिडकी. अंगठ्यानं खिडकी सरकवली की आत तपकिरी पातळ फिल्म दिसते. सोडली की खट्‌कन बंद. दोन कोपऱ्यांत दोन चौकोनी भोकं आहेत. एकाला बारकी सरकपट्टी; ते भोक उघडं ठेवलं की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. दुसरं भोक नुसतंच, 'ही जास्त मावणारी फ्लॉपी आहे' एवढं ड्राइव्हला कळावं म्हणून. लेबलवर निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'लोटस, सकाळची बॅच'.

त्या फिल्मवर माहिती कशी बसते, हे वावराच्या भाषेत सांगता येतं. फिल्मच्या प्रत्येक बाजूवर ८० गोल सऱ्या, प्रत्येक सरीत १८ वाफे, आणि प्रत्येक वाफ्यात ५१२ बाइट. बाइट म्हणजे ढोबळमानानं एक इंग्रजी अक्षर. आता गुणाकार करा: २ × ८० × १८ × ५१२, म्हणजे १४,७४,५६० बाइट. ही झाली एका फ्लॉपीची खरी मावण. ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. भागलं की ४३,४०२ आणि वर थोडं. ते थोडंही कुठेतरी ठेवावं लागणार, म्हणून ४३,४०३. (वाफ्यांची संख्या काही दगडावरची रेघ नव्हती. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर आलं तेव्हा १३ फ्लॉप्यांचा संच असायचा, आणि पहिली सोडून बाकीच्यांवर एका सरीत १८ ऐवजी २१ वाफे पाडलेले होते. फ्लॉपी तीच, मावण जास्त.)

इथं चौकस वाचक विचारेल की फ्लॉपीवर तर १.४४ एमबी छापलेलं असायचं, मग १४ लाख ७४ हजार कुठून आले? याचं उत्तर जळगावच्या सराफ बाजारात मिळतं. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजीचा दहा तोळ्यांचा दागिना काट्यावर ११६ ग्रॅमच्या वर जातो, नातसुनेचा दहा तोळ्यांचा शंभरावर थांबतो. शब्द एकच, मापं दोन. आणि कोणता तोळा हे न विचारता हिशेब केला की घरात भांडण ठरलेलं.

किलोबाइटचं हुबेहूब असंच झालं. कॉम्प्युटर दोनाच्या पटीत मोजतो: दोन, चार, आठ करत दहाव्या पायरीला १०२४ येतात. हे हजाराच्या इतकं जवळ होतं की जुन्या मंडळींनी त्यालाच 'किलो' म्हणून टाकलं. म्हणजे एक किलोबाइट कधी १,००० बाइटचा, तर कधी १,०२४ चा. किलोला हा फरक अडीच टक्क्यांच्या आतला, कोणी मनावर घेत नाही. पण पायरीगणिक तो वाढतो. मेगाला जवळपास पाच टक्के, गिगाला सात टक्क्यांच्या वर, टेराला दहा टक्के. पेनड्राइव्ह बनवणारा हजाराच्या मापानं ६४ छापतो, विंडोज १०२४ च्या मापानं मोजून ५९.६ च्या आसपास दाखवतं. साडेचार जीबी कोणी मारले म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालणारे लोक मी पाहिले आहेत. दुकानदारालाही कारण सांगता येत नव्हतं. १०२४ वाल्या मापाला १९९८ साली किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं देऊन झाली. बाजारात ती कोणी उच्चारत नाही.

आणि फ्लॉपीचे १.४४? ती तर खिचडीच. १,४४० ला १,०२४ नं गुणलं की १४,७४,५६० येतात. म्हणजे 'किलो' घेतला जुन्या तोळ्याचा आणि 'मेगा' करताना हजारानं भागलं. शुद्ध हजाराच्या हिशेबात ती १.४७ एमबीची, शुद्ध १०२४ च्या हिशेबात १.४१ ची. १.४४ ची ती कोणत्याच हिशेबात नव्हती, आणि आम्ही वर्षानुवर्षं पोरांकडून हाच आकडा पाठ करून घेत होतो.

म्हणून रूपांतर करताना पहिला नियम हा, की दोन्ही बाजू आधी नुसत्या बाइटमध्ये आणायच्या आणि मगच भागायचं. एमबीला एमबीनं भागलंत की तोळ्यात तोळा मिसळला.

तरीही ४३,४०३ हा आकडा कागदावरचाच. प्रत्यक्षात फ्लॉपीचे काही वाफे पेरणीआधीच जातात. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवायला डॉस २,८८० पैकी ३३ वाफे स्वतःकडे घेतं. आपल्या हाती उरतात १४,५७,६६४ बाइट. या मापानं भागा, ४३,९०६ येतात. नुसत्या अनुक्रमणिकेपायी ५०३ फ्लॉप्या वाढल्या! शिवाय फाइली सुट्या ठेवायच्या तर वेगळाच घोळ. मोबाइलचा एक फोटो समजा ४० लाख बाइटचा. त्याला पावणेतीन फ्लॉप्या लागतात, म्हणजे तीन. असे ५०० फोटो प्रत्येकी तीन फ्लॉप्यांत ठेवले तर १,५०० लागतील. तेच एकापुढे एक सलग भरले तर चौदाशेच्या आत काम होईल. केळीचे घड ट्रकमध्ये भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माल तोच, रचाईवर खेप ठरते.

आता आकडा डोळ्यांपुढे आणू, कारण त्रेचाळीस हजार म्हटलं की मेंदू नुसता 'खूप' एवढंच ऐकतो. एका फ्लॉपीची जाडी ३.३ मिलिमीटर. ४३,४०३ फ्लॉप्या एकावर एक रचल्या तर १४३ मीटर उंची. ती चवड भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर आडवी ठेवली तर गाडीचे सहा डबे झाकले जातील. वजन फ्लॉपीमागे १८-२० ग्रॅम धरलं तर आठ-साडेआठ क्विंटल. छोट्या हत्तीची एक खेप भरेल आणि वर एखादं पोतं उरेल.

पण खरी मजा वेळेत आहे, आणि अशा तुलना करणारे नेमकी तीच विसरतात. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते. एका फेऱ्यात एक सरी वाचून होते. दोन्ही बाजूंच्या मिळून १६० सऱ्या, म्हणजे कुठेही न अडखळता ३२ सेकंद. त्यात सरीवरून सरीवर उडी मारायची, फ्लॉपी काढायची, दुसरी घालायची, 'कर्रर्र-टक' ऐकायचं. धरा फ्लॉपीमागे एक मिनिट. ४३,४०३ मिनिटं म्हणजे अखंड तीस दिवस. रात्रंदिवस, जेवायला न उठता! पेनड्राइव्हवरून तेच सगळं सेकंदाला २० एमबीनं उतरवलं तर तासाच्या आत मोकळे.

शिवाय महिनाभरात सगळ्या फ्लॉप्या शाबूत निघतील हे गृहीतच धरलंय. १९९७ साली मी जळगावहून एक प्रोग्राम अकरा फ्लॉप्यांत तुकडे करून आणला होता. एसटीच्या खिडकीतून येणारी धूळ लागू नये म्हणून दुधाच्या पिशवीत बांधून, मांडीवर ठेवून. अमळनेरला उतरलो, एकेक घालत गेलो, आणि सातवी वाचेना. आठवी ते अकरावी चांगल्या होत्या, पण काय उपयोग? तुकड्यांची साखळी सातव्या कडीला तुटलेली. दुसऱ्या दिवशी त्या एका फ्लॉपीसाठी पुन्हा जळगाव. हजारात एक जरी अशी निघाली तरी आपल्या लग्नात त्रेचाळीस 'सातव्या' निघतील. हे कोणत्याही भागाकारात दिसत नाही.

फ्लॉपीच्या मागे गेलो तर पंचकार्ड. नक्षीकामाच्या मागाला भोकांच्या पुठ्ठ्यांनी हुकूम द्यायची जकारची युक्ती १८०४ ची. कापडाच्या प्रताप मिलच्या गावात, आमच्या अमळनेरात, माग म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. त्याच धर्तीवर हॉलेरिथनं १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली, आणि १९२८ मध्ये आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड आलं. तेच पुढे अर्धशतक चाललं. एका रकान्यात एक अक्षर, म्हणून एका कार्डावर ८० अक्षरं. ६४ अब्ज भागिले ८०, ८० कोटी कार्डं.

कार्डाची जाडी ०.१७८ मिलिमीटर. ८० कोटींची चवड १४२ किलोमीटर. फ्लॉप्यांची १४३ मीटर होती, कार्डांची १४२ किलोमीटर. आकडे असे जुळावेत हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा: कार्डाकडून फ्लॉपीकडे येता येता रास हजार पटीनं आखडली. ही चवड जळगाव स्टेशनवर आडवी करून सुरत लाइननं रचत निघा. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत नंदुरबारच्या आसपास शेवटचं कार्ड ठेवाल. दोन हजार कार्डांचं खोकं साडेचार-पाच किलोचं, त्यामुळे एकूण भार अठराशे ते दोन हजार टन. मालगाडीचे तीसेक डबे.

आणि हो, मराठीला ही कार्डं आणखी तोकडी पडली असती. आज युनिकोडमध्ये, इंटरनेटवर जी पद्धत चालते तिच्यात, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षर जुळवणारा हलन्तही वेगळा. नानांचं वाक्य मी बोटांवर मोजलं: 'दोन कॅसेटमा बठ्ठं लगीन बसी जाये'. देवनागरी चिन्हं २६, त्यांचे ७८ बाइट. मधल्या पाच मोकळ्या जागांचे पाच. एकूण ८३. कार्ड ८० चं! म्हणजे 'जाये'ची शेवटची मात्रा एकटी दुसऱ्या कार्डावर गेली असती. नाना म्हणाले, मात्रा राहू दे, कळतं तेवढ्यात.

कार्डाबाबतही 'किती मावतं' याला एक उत्तर नाही. रकान्यात भोकं पाडायला १२ जागा असतात. त्या सगळ्या होय-नाहीसाठी वापरल्या तर ८० रकान्यांत ९६० बिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १२० बाइट. मग ८० कोटींची ५३ कोटी कार्डं होतात, आणि आपली चवड नंदुरबारच्या पुष्कळ अलीकडेच संपते. १९५६ च्या आयबीएम रॅमॅक या हार्ड डिस्कवाल्या कॉम्प्युटरचं असंच. टनभर वजनाचं कपाट, आत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि मावण ५० लाख अक्षरं. अक्षराला बाइट धरला तर आपलं लग्न १२,८०० कपाटांत बसतं. पण त्या काळी अक्षर सहा बिटांचं होतं, आजचा बाइट आठाचा. बिटांनी मोजलं की कपाटं होतात १७,०६७.

सीडी-डीव्हीडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ७०० एमबीच्या ८७ सीडी, रचून अर्धी वीत, डीव्हीडी १४. इथं आकडे माणसात आले, म्हणून गंमतही संपली.

(मध्येच एक आठवलं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडीतले जुने कागद आहेत, आणि ते वाचणारी माणसं आजही भेटतात. सव्वापाच इंची फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह मात्र मला गेल्या दहा वर्षांत जळगावात मिळालेला नाही.)

आता येतो त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी भाची अडून बसली होती. फ्लॉप्या ४३ हजार आणि कॅसेटी सहाच, हे कसं?

साधी गाण्याची कॅसेट घ्या. स्टँडजवळच्या टपरीवर कानबाईच्या गाण्यांच्या मिळायच्या तसली, ६० मिनिटांची. हिच्यावर माहितीही साठवता येते. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमसारखे घरगुती कॉम्प्युटर आपले प्रोग्राम कॅसेटवरूनच घ्यायचे. टेप लावला की किंचाळल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज म्हणजेच बिट, सेकंदाला साधारण दीड हजार. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १८७ च्या आसपास बाइट आणि तासाच्या कॅसेटवर ६ लाख ७५ हजार. अर्धी फ्लॉपीसुद्धा नाही! ६४ अब्ज बाइट अशा कॅसेटींवर चढवायचे तर ९४,८१५ लागतील, आणि सगळ्या वाजवून संपायला पावणेअकरा वर्षं.

आता त्याच पेनड्राइव्हात लग्नाऐवजी गाणी भरा. नेहमीच्या १२८ च्या (सेकंदाला १२८ किलोबिट) दराची एमपीथ्री सेकंदाला १६,००० बाइट खाते. ६४ अब्ज भागिले १६,०००, चाळीस लाख सेकंद, म्हणजे १,१११ तास आणि काही मिनिटं गाणी. तासाची एक कॅसेट या हिशेबानं १,११२ कॅसेटी.

एकदा ९४,८१५, एकदा १,११२. पेनड्राइव्ह तोच आणि कॅसेटही तीच. मग बदललं काय? पहिल्यांदा आपण कॅसेटला बाइट मोजायला लावलं, जे तिला धड जमत नव्हतं. दुसऱ्यांदा तिला तिचं स्वतःचं काम दिलं: तासभर गाणं. गाण्याच्या कॅसेटवर बाइट नसतातच. आवाजाचा चढउतार जसाच्या तसा चुंबकीय पट्टीवर उमटलेला असतो, खालीवर होणाऱ्या रेघेसारखा. या रेघेची मावण मिनिटांत सांगतात. बाइटचं आणि मिनिटाचं थेट रूपांतर होत नाही. मधे एक दर ठरवावा लागतो, सेकंदाला किती बाइट खर्चायचे. कापूस आणि पैसा यांचं थेट रूपांतर होत नाही, मधे भाव लागतो, तसं. आणि भाव बदलला की उत्तर बदललंच.

नानांच्या व्हीएचएसचंही हेच. ती तीन तासांची, बस. आमच्या व्हिडिओवाल्यानं लग्न सेकंदाला ८ मेगाबिट या दरानं भरलं होतं. इथं बिट आणि बाइट यांची गल्लत करू नका. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, सेकंदाला दहा लाख बाइट. ६४ अब्ज बाइट म्हणजे ६४,००० सेकंद, पावणेअठरा तास. तीन तासांची एक कॅसेट, तर सहा कॅसेटी. पेनड्राइव्हातलं चित्र कितीतरी स्वच्छ आहे, नवरीच्या शालूची जर मोजता येते; व्हीएचएसवर जर सोडा, मावशी कोणती आणि आत्या कोणती यावरून वाद होतात. तो फरक सहाच्या आकड्यात कुठेच नाही. पण नानांनी चित्र किती स्वच्छ असं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, लग्न कितीत बसतं.

भाचीनं तेवढ्यात उलटा प्रश्न टाकला, आणि तो मला फार आवडला. "मग नानांच्या दोन कॅसेटी या पेनड्राइव्हात किती जागा घेतील?"

व्हीएचएसमधून कॉम्प्युटरवर उतरवायचं तर घाई चालत नाही. कॅसेट तिच्या चालीनं वाजणार, तीन तासांना तीन तासच. उतरवताना दर मात्र आपला आपण निवडायचा. साधारण दोन तासाला एक डीव्हीडी असा बेताचा दर घेतला तर सहा तास तीन डीव्हीड्यांत, म्हणजे १४ जीबीत बसतात. पण जुनं काही जपायचं म्हणून जाणकार डीव्ही नावाच्या पद्धतीत उतरवतात, कमी दाबलेल्या. ती तासाला १३ जीबी घेते. सहा तासांचे ७८ जीबी.

पेनड्राइव्ह ६४ चा.

म्हणजे या पेनड्राइव्हात अशा तीन लग्नांचं चित्रण मावतं म्हणावं, तर नानांच्या दोन कॅसेटी जपून ठेवायला तोच अपुरा पडतो. हे त्यांना सांगितलं. ते वाती वळत बसले होते. मान वर करून म्हणाले, "मंग!" आणि उठून कॅसेटी पुन्हा साड्यांच्या घडीखाली ठेवून आले.